मनोरुग्णाचा रोजगार आणि विचारशक्तीचा सराव

तीव्र मानसिक आजाराचा रुग्ण घरात असला की पहिली एक-दोन वर्षे सारे कुटुंब औषधांच्या मागे असते. भास थांबावेत, संशय कमी व्हावा, रात्री झोप लागावी, एवढीच त्या काळातील अपेक्षा असते. योग्य उपचार मिळाले तर यातील बरेचसे साधते. मग हळूहळू घरातील कर्ती मंडळी विचारू लागतात, ‘आता तर हा बरा दिसतो, मग दुकानात येऊन चार तास का बसत नाही? बसलाच, तर सांगितलेले काम अर्धवट टाकून का उठतो?’ याचे उत्तर बहुतेक घरांत ‘आळस’ या एका शब्दात दिले जाते. आई तेवढी ‘औषधांनी सुस्ती येते त्याला’ म्हणून बाजू सावरते. काही औषधांनी सुस्ती येते हे खरे. पण तेही पूर्ण उत्तर नव्हे.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या आजारात भास आणि भ्रम यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट बिघडते आणि ती बाहेरून दिसत नाही. बायपोलर आणि तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांतही ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. लक्ष एका ठिकाणी धरून ठेवणे, ऐकलेली गोष्ट क्षणभर मनात ठेवून तिच्यावर काम करणे, पुरेशा वेगाने विचार करणे, कामांचा क्रम लावणे आणि अडचण आली तर तो क्रम बदलणे, या शक्ती मंदावतात. बुद्धी नाहीशी होत नाही. बी.कॉम. झालेल्या तरुणाला जमा-नावे समजत असते. परंतु समजलेले वेळेवर हाताशी येत नाही.

किराणा मालाच्या घाऊक दुकानातील सकाळची अकराची वेळ डोळ्यांसमोर आणावी. गिऱ्हाईक पाच जिन्नस सांगते. तूरडाळीचा भाव कालच्यापेक्षा दोन रुपयांनी चढलेला आहे. मध्येच फोन वाजतो, त्याच वेळी हमाल पोती कोठे उतरवू म्हणून विचारतो आणि गिऱ्हाईक मागील उधारीचा आकडा विचारते. काउंटरवर बसलेला सराईत माणूस हे सर्व एकाच वेळी पेलतो आणि आपण काही विशेष केले असे त्याला वाटतही नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या मनातून मात्र तिसरा जिन्नस ऐकेपर्यंत पहिला निसटलेला असतो. तो पुन्हा विचारतो, तेव्हा गिऱ्हाईक त्रासिक होते. काका म्हणतात, ‘राहू दे, मी बघतो.’ असे चार वेळा झाले की पाचव्या दिवशी तो घरूनच निघत नाही. घराला जो आळस दिसतो, त्यात अपमान टाळण्याचा भाग बराच मोठा असतो.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट फार पूर्वी दिसली होती. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे जे वर्णन केले, त्यातील लॅटिन नावाचा अर्थच ‘अकाली बुद्धिभ्रंश’ असा होता. ते नाव फार निराशाजनक होते. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. पुढे १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध आल्यावर भास व भ्रम आटोक्यात येऊ लागले आणि साहजिकच सर्वांचे लक्ष त्यांवर खिळले. विचारशक्तीच्या मंदपणाकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधक मायकेल ग्रीन यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवून दिले की, रुग्ण समाजात कसा वावरेल आणि नवी कौशल्ये किती शिकेल, याचा संबंध त्याच्या भासांपेक्षा स्मरणशक्ती व अवधान यांच्याशी अधिक आहे. आज उपलब्ध असलेली औषधे या दुबळेपणावर फारसा परिणाम करीत नाहीत. म्हणूनच रुग्ण ‘बरा’ दिसतो आणि तरीही काम त्याच्या हातून निसटते.

रोजगाराच्या बाबतीत जुनी पद्धत ‘आधी शिका, मग काम’ अशी होती. मेणबत्त्या, पाकिटे, कागदी पिशव्या तयार करण्याच्या सुरक्षित कार्यशाळेत रुग्णाने बसावे, तेथे तयार व्हावे आणि नंतर बाहेर पडावे, असे मानले जाई. प्रत्यक्षात बाहेर पडणारे थोडेच असत. अनेकांची वर्षेच्या वर्षे पाकिटे चिकटवण्यात गेली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ येथे रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ही पद्धत उलटी केली. रुग्णाला काम करण्याची इच्छा आहे ना, एवढेच पाहायचे. त्याच्या आवडीचे, बाजारभावाने वेतन देणारे खरे काम लवकरात लवकर शोधून द्यायचे. आणि कामावर असतानाच त्याला आधार द्यायचा. हा आधार देणारा कार्यकर्ता उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चमूचाच भाग असतो. या पद्धतीने जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण नोकरीला लागतात, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले आहे.

तरीही एक मोठा गट मागे राहिलाच. काहींना नोकरी मिळेना, काहींची थोड्याच दिवसांत सुटे. सुटण्याची कारणे पाहिली तर ती पूर्वीच्या काउंटरवरच्या कारणांहून वेगळी नसत : सूचना विसरणे, हात मंद चालणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना गोंधळणे. या गटासाठी सुझन मॅकगर्क यांनी किम म्युझर यांच्यासह एक कार्यक्रम तयार केला. ‘थिंकिंग स्किल्स फॉर वर्क’, म्हणजे कामासाठी विचारकौशल्ये, असे त्याचे सरळ नाव आहे.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम त्या व्यक्तीची स्मरणशक्ती, अवधान, वेग यांची तपासणी होते आणि पूर्वी नोकरी कोठे व का सुटली याचा शांतपणे आढावा घेतला जातो. त्यानंतर संगणकावर सराव असतो. आठवड्यातून साधारण दोन वेळा, तासाभराच्या आत-बाहेर, अशी सुमारे चोवीस सत्रे. म्हणजे हा तीन महिन्यांचा व्यवहार झाला. सरावासाठी कॉगपॅक नावाची जर्मन संगणकप्रणाली वापरतात. सोप्यापासून अवघडाकडे जाणारी ही कोडी सोडवताना प्रशिक्षक शेजारी बसलेला असतो, आणि खरे काम तोच करतो. रुग्ण चुकला की तो उत्तर सांगत नाही. ‘आता कोणती युक्ती वापरलीत? दुसरी कोणती वापरता येईल?’ असे विचारतो. आकडे गटाने लक्षात ठेवावेत, सूचना स्वतःशी पुटपुटून घ्यावी, घाई झाली की हात थांबवून एकदा वरपासून पाहावे, अशा लहान लहान युक्त्या रुग्ण स्वतः शोधतो आणि त्याच युक्त्या कामाच्या जागी न्यायच्या असतात. जे सरावाने सुधारत नाही त्याला वळसा घालायचा : खिशातली वही, भिंतीवरची कामांची यादी, मोबाइलमधला गजर, प्रत्येक वस्तूला एकच ठरलेली जागा. रोजगार मिळवून देणारा कार्यकर्ता या सर्व चर्चेत बसतो, कारण कोणते काम या माणसाला झेपेल हे त्यालाच ठरवायचे असते.

परिणाम काय झाला? न्यूयॉर्कमधील पहिल्या अभ्यासात ४४ रुग्ण होते. सर्वांना रोजगारासाठी आधार दिला गेला. त्यांपैकी निम्म्यांना त्याच्या जोडीला हे प्रशिक्षण मिळाले. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ६९.६ टक्के लोकांनी नोकरी केली. न घेतलेल्यांपैकी केवळ ४.८ टक्क्यांनी. आकडे डोळे दिपविणारे आहेत, आणि म्हणूनच ते जपून वाचावेत. चव्वेचाळीस ही संख्या लहान आहे आणि दुसऱ्या गटाला मिळालेले यश इतके कमी आहे की तुलना फुगलेली दिसते. अधिक भरवशाचा ताळेबंद २०१५ मधील अभ्यासाचा आहे. त्यात रोजगाराचा आधार मिळूनही नोकरी न लागलेले वा न टिकलेले १०७ जण निवडले होते, आणि ज्या गटाला प्रशिक्षण नव्हते त्याच्या कार्यकर्त्यांनाही रुग्णांच्या विचारशक्तीतील अडचणी ओळखण्यास शिकविले होते. दोन वर्षांत प्रशिक्षित गटातील ६० टक्के व दुसऱ्या गटातील ३६ टक्के लोकांना खुल्या बाजारातील काम मिळाले. साठाला छत्तीस हा फरक चमत्काराचा नाही; पण ज्यांच्याविषयी सर्वांनी हात टेकले होते त्यांच्यातला तो आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी एक गोष्ट संशोधनातून स्पष्ट झाली आहे आणि ती पैशाशी निगडित असल्याने व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवावी. लंडनच्या टिल वाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४० अभ्यासांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. अशा प्रशिक्षणाने विचारशक्तीत मध्यम प्रमाणात सुधारणा होते. मात्र रोजच्या जगण्यात मोठा फरक पडतो तो प्रशिक्षणाला पुनर्वसनाची जोड असेल तेव्हा. नुसती कोडी सोडविणारा माणूस कोडी सोडविण्यात पटाईत होतो. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून मोबाइलवर विकले जाणारे खेळ घेऊन मुलाला खोलीत बसविले, तर वर्षभराची वर्गणी तेवढी खर्ची पडते.

भारतात या विषयाला एक निराळे आणि घरगुती वळण मिळाले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या सरावासाठी ज्या पद्धती वापरात आल्या, त्यांत संगणकाशिवाय करता येणाऱ्या गोष्टी आहेत : छापील कागदावरील ठरावीक अक्षर शोधून खोडणे, चौकटीबाहेर न जाता रंग भरणे, आणि मिसळलेले धान्य निवडणे. हो, धान्य निवडणे. घराघरांत आजी सुपात घेऊन बसते तेच. दोन-तीन प्रकारची कडधान्ये एकत्र करायची, ती वेगळी करायला सांगायची, लागलेला वेळ आणि चुका लिहून ठेवायच्या. जमू लागले की धान्यांचे प्रकार वाढवायचे, किंवा ज्यांचा रंग व आकार जवळजवळ सारखा आहे असे दाणे घ्यायचे. हेतू दाणे वेगळे करण्याचा नसतो. वीस मिनिटे मन भरकटू न देण्याचा असतो. आजाराचा पहिलाच झटका आलेल्या रुग्णांसाठी असा सराव दोन महिने घरीच, कुटुंबातील व्यक्तीच्या देखरेखीखाली करून घेण्याचा अभ्यास तेथील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हा सराव केलेल्यांत अवधान, नियोजन यांसारख्या क्षमता व एकूण वावर सुधारलेला आढळला. रोज दवाखाना गाठणे ज्यांना शक्य नाही, अशा तालुक्याच्या गावातील कुटुंबासाठी याचे मोल मोठे आहे. पण वेळ लिहिणारा माणूस संयमी हवा. ‘एवढेही जमत नाही?’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की सूप पुन्हा हातात घेतले जात नाही.

आता प्रश्न कामाचा. ज्या घराचे स्वतःचे दुकान, वखार वा आडत आहे, त्या घराला वाटते की आपल्या मुलाच्या रोजगाराचा प्रश्न मुळात नाहीच. गादी त्याचीच आहे. येथेच मोठी फसगत होते. पेढीवर तो ‘बसतो’. त्याला नेमून दिलेले काम नसते, येण्या-जाण्याची वेळ नसते, वेतन नसते. खर्चाला लागतील तेवढे पैसे वडील किंवा मोठा भाऊ गल्ल्यातून काढून देतात. नोकरमंडळी आदराने ‘शेठ’ म्हणतात आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारतात. चाळिशीच्या माणसाला ही खुर्ची पाकिटे चिकटविण्याच्या कार्यशाळेपेक्षा फार वेगळी नसते. तेथे निदान दिवसाची पाकिटे मोजली जात.

घरचेच दुकान खऱ्या रोजगाराचे ठिकाण व्हायचे असेल तर त्याला परक्या नोकरासारखेच काही नियम लागतील. काम एक आणि ठरलेले असावे : येणाऱ्या मालाची पोती मोजून नोंदवहीत लिहिणे, दिवसभराची खरेदीची बिले तारखेप्रमाणे लावणे, संध्याकाळी रोजकीर्द बँकेच्या उताऱ्याशी पडताळणे. ज्या कामात मध्येच तोडले जात नाही ते निवडावे. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि ती लिहिलेली असावी. सकाळच्या गोळीने जडपणा येत असेल तर कामाची वेळ अकरानंतरची ठेवावी. तीन तासांपासून सुरुवात करून तास वाढवावेत. कामाबद्दल बोलणारी व्यक्ती घरात एकच असावी. वडील, काका आणि दोन भाऊ यांनी चार बाजूंनी सुधारणा सुचविल्या तर निरोगी माणूसही गडबडतो. दिवाळीच्या हंगामात मात्र सर्वांसारखे त्यालाही रात्री अकरापर्यंत थांबवू नये. विशेषतः बायपोलरच्या रुग्णात झोपमोड हे आजार उलटण्याचे एक मोठे निमित्त ठरते. आणि महिन्याच्या एक तारखेला, त्या कामाचा बाजारात जो दर असेल त्या दराने, पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा.

खात्याविषयी घरांत आणि कधी कधी बँकांतही गैरसमज असतात. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून सज्ञान व्यक्तीचा खाते चालविण्याचा हक्क आपोआप संपत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १३ मध्ये मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा समान हक्क दिलेला आहे, आणि मानसिक आजार त्या कायद्यात दिव्यांगत्वाचा एक प्रकार म्हणून अंतर्भूत आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली मिळणारे पालकत्व स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. मानसिक आजाराला ते लागू नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ हा उपचारांच्या निर्णयांपुरता असतो. त्या नेमणुकीच्या आधारे कोणालाही दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आजाराच्या भरात पैसे उधळले जाण्याची भीती खरी असते. त्यासाठी पगाराचे खाते वेगळे ठेवावे, कार्डाची दैनिक मर्यादा कमी करून घ्यावी. खातेच काढून घेणे हा उपाय नव्हे.

मुलींच्या बाबतीत चित्र अधिक अंधूक आहे. मुलगा दुकानात येत नाही याची निदान चर्चा होते. मुलगी घरातच असते आणि पोळ्या लाटते, म्हणून ती ‘बरी’ मानली जाते. तिच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की ती पाहुण्यांसमोर येणेही बंद होते. शिकलेल्या, एकेकाळी टॅली सहज हाताळणाऱ्या मुलीला महिन्याचा जीएसटीचा तपशील तयार करण्याचे काम घरबसल्या देता येईल, हे कोणाला सुचत नाही. मॅकगर्क यांच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न ‘तुम्हाला कोणते काम करायचे आहे?’ असा असतो. तो प्रश्न या मुलींना विचारला गेल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

व्यापारी घरे केवळ रुग्णांची कुटुंबे नाहीत, ती मालकही आहेत. २०१६ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखल्या आणि त्यांपैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. खासगी क्षेत्रासाठी सक्ती नाही. मनुष्यबळात किमान पाच टक्के दिव्यांग असावेत यासाठी शासनाने प्रोत्साहन द्यावे, एवढेच कलम ३५ सांगते. तेव्हा जे होईल ते मालकाच्या इच्छेने होईल. अंध वा अस्थिव्यंग उमेदवाराला कामावर घेणाऱ्या कित्येक पेढ्या आहेत. मनोविकाराचा उमेदवार म्हटला की ‘उद्या काही केले तर?’ असा प्रश्न येतो. नियमित उपचार घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत व्यवहारात भेडसावणारा धोका निराळाच असतो : तो न सांगता आठवडाभर येणार नाही, किंवा बोलणी खाऊन परत येणारच नाही. हा धोका मोजता येतो आणि त्यावर उपायही असतो. गैरहजेरीत कोणाला दूरध्वनी करायचा हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मनोविकारतज्ज्ञ ‘आयडियाज’ या मोजपट्टीने तपासणी करतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, समजणे व संवाद, आणि काम, अशी चार अंगे तीत पाहिली जातात. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल तर कायद्यातील सवलती मिळतात. प्रमाणपत्र घेतले तर ‘शिक्का’ बसेल म्हणून अनेक घरे ते टाळतात. घ्यायचे की नाही हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवावे. कामावर कोणाला काय सांगायचे हेही तिनेच ठरवावे. प्राथमिक सल्ल्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

विचारशक्तीच्या प्रशिक्षणाची जाहिरात करणारी केंद्रे शहरांतून वाढत आहेत. तेथे शुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. सराव करून घेताना प्रशिक्षक शेजारी बसतो की रुग्णाला संगणकापुढे सोडून देतात? उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी केंद्राचा संपर्क असतो का? सराव चालू असतानाच काम शोधण्यास सुरुवात होते, की ‘आधी पूर्ण बरे होऊ द्या’ असे सांगितले जाते? आणि नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने मालकाशी बोलायला कोण जाते? मूळ कार्यक्रम चोवीस सत्रांचा आहे. वर्षभराचे शुल्क आगाऊ मागितले गेले, तर उरलेल्या महिन्यांत काय शिकविणार हे लेखी मागावे.